इतका विश्वास आहे, मग भीती कशी वाटते?

उपासना संपली की मंडळीतलं कुणीतरी विचारतं, "ताई, तुम्ही एवढी प्रार्थना करता, तरी तुम्हाला घाबरायला होतं? गोळ्या घ्याव्या लागतात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हो, होतं. रात्री-अपरात्री जाग येते, छाती धडधडते आणि मुलीच्या नोकरीपासून गॅसच्या नळीपर्यंत सगळं एकदम डोक्यात गर्दी करतं. विश्वासणाऱ्याला असं होणारच नाही, हे पवित्र शास्त्रात मला कुठंही सापडलेलं नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू इतका व्याकूळ झाला की त्याने शिष्यांना आपल्याबरोबर जागं राहायला सांगितलं. मग भीतीला पाप कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रातलं 'कशाचीही चिंता करू नका' मला फार जण ऐकवतात. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे थांबत नाही. प्रत्येक गोष्ट प्रार्थनेत, आभार मानून देवाला कळवा, असं तो पुढे सांगतो. तेही कैदेतून, आपण जगणार की मरणार हे ठाऊक नसताना. म्हणून मी वहीत लिहिते. 'प्रभू, शांती दे' असं मोघम नाही. 'रिपोर्ट यायचाय, काही वाईट निघालं तर घर कोण बघेल?' असं, जसं वाटतं तसं. लिहिलं की कळतं, यातल्या काही गोष्टींसाठी सकाळी फोन करायचाय आणि काहींना माझा इलाजच नाही. ज्यांना इलाज नाही, त्या मी देवावर सोपवते. दुपारपर्यंत पुन्हा माझ्याच डोक्यावर येतात, तेव्हा पुन्हा सोपवते. आभार मानणं मात्र खरंच जड जातं. कधी कधी 'आज पाठ दुखली नाही' एवढंच सुचतं.

आणि शब्दच नसतील तेव्हा बायबलमधलं ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचते. १५० स्तोत्रांत इतकं काळोखं दुसरं नाही. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ती प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवली गेली, याचा मला फार आधार वाटतो.

आता गोळ्यांचं. बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. शरीराची काळजी देवानेच आधी घेतली. पौलाचा सोबती लूकही वैद्यच होता. 'विश्वास ठेव आणि औषध सोड' असं कुणी सांगितलं, तर कृपा करून ऐकू नका. माझ्या गोळीचा डोस डॉक्टर ठरवतात आणि त्या डॉक्टरांसाठी मी प्रार्थना करते. कुणाकडे जावं कळत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.