अल्माटीच्या थंडीत आम्ही चौघी : बर्फ, वाफ आणि तिळगूळ

रात्रीचे आठ वाजले होते, पारा उणे नऊवर होता आणि कोल्हापूरच्या आम्ही चौघी एकमेकींचे हात धरून अल्माटीतल्या मेदेऊ नावाच्या बर्फाच्या मैदानाच्या कडेला उभ्या होतो. पायांत भाड्याचे स्केट्स, समोर दिव्यांनी उजळलेलं पांढरं मैदान, वर काळे डोंगर. साठी ओलांडलेली एक बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून आमच्या समोरून निघून गेली. रंकाळ्यावर संध्याकाळी फेरी मारणाऱ्या आपल्याकडच्या आज्जींसारखी, तितकीच निवांत. शिवाजी पेठेतली माझी मैत्रीण म्हणाली, "हात सोडा गं, मी जातो पुढं," आणि खरंच गेली. दहा-बारा पावलं गेली, बसली, उठली, परत गेली. आमच्याकडच्या बायका अशाच, 'जातो-येतो' म्हणतात आणि जाऊन येतात.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही कझाकस्तानातल्या अल्माटीला गेलो होतो. मी, माझ्या वहिनी, पेठेतली ती आणि बँकेतली एक मैत्रीण. वीस लाखांहून जास्त वस्तीचं हे शहर 1997 पर्यंत देशाची राजधानी होतं. आज राजधानी नसलं तरी देशातलं सगळ्यात मोठं शहर तेच. थंडीतली सहल म्हटलं की आपल्याकडे मनाली नाहीतर गुलमर्ग डोळ्यांसमोर येतं. आम्हाला बर्फ हवाच होता, पण भरलेलं शहरही हवं होतं. अशा थंडीत तिथली माणसं संध्याकाळी करतात तरी काय, ते बघायचं होतं.

एका एजंटाने आधी चार दिवसांचं पॅकेज दाखवलं. रोज एक 'स्नो पॉइंट', तिथे फोटो, जेवायला भारतीय बुफे, परत हॉटेल. वहिनींनी शांतपणे विचारलं, "अहो, मग तिथली माणसं कुठं भेटायची?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिकिटं आणि राहायची खोली स्वतः बुक केली. तुम्हालाही तेच सांगेन. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, त्यामुळे एजंटावाचून अडत नाही. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून दिल्ली आणि दिल्लीहून थेट विमान असं गेलो. घड्याळ फक्त अर्धा तास मागे घ्यावं लागतं, म्हणून झोपेचं गणित बिघडत नाही आणि घरी फोन करतानाही सोपं जातं.

मेदेऊकडे परत येते, कारण अल्माटीत एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ती तिथेच घालवा. हे उघड्यावरचं स्केटिंग मैदान 1691 मीटर उंचीवर आहे आणि बर्फाचं क्षेत्रफळ 10,500 चौरस मीटर. सोव्हिएत काळात इथे वेगाचे जागतिक विक्रम इतके झाले, की 'विक्रमांचा कारखाना' असं नावच पडलं. उंचीवरच्या विरळ हवेत शरीराला अडथळा कमी होतो. शिवाय डोंगरातल्या ओढ्याच्या पाण्यात क्षार कमी असल्याने बर्फ फार गुळगुळीत होतो. आम्ही काही विक्रम करायला गेलो नव्हतो, पण पाय टाकल्या टाकल्या तो गुळगुळीतपणा कळतो.

शहरातून जायला 12 नंबरची बस हॉटेल कझाकस्तानजवळून सुटते. यांडेक्स ॲपवरून मागवलेली टॅक्सीही आम्हाला महाग वाटली नाही. लोकांसाठी मैदान ठरावीक वेळीच खुलं असतं, ते निघण्याआधी बघून घ्या. स्केट्स घेताना नेहमीच्या बुटाच्या मापाचेच मागा आणि मोजे एकच जोडी जाड घाला. दोन जोड्या घातल्या तर पाऊल आत फिरतं. नाड्या घोट्यापाशी करकचून आवळा, बोटांकडे थोड्या सैल ठेवा. गुडघे वाकलेले ठेवा. पडायला लागलात तर मागे न पडता कुशीवर पडा आणि हात पुढे टेकवू नका. वहिनींनी हात टेकला आणि त्यांचं मनगट मुरगळलं. फार नाही, पण पुढचे पाचही दिवस क्रेप बँडेज लागलं. बँडेज आणि दुखण्याचं मलम सामानात असू द्या, आमच्याकडे होतं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तिथेच गेलो, या वेळी मैदानाच्या वरच्या धरणासाठी. एकूण 842 पायऱ्या. गावातली माणसं व्यायामाला चढतात, आम्ही जोतिबाचं नाव घेऊन चढलो. वर पोचल्यावर लक्षात येतं, की धरणाच्या मागे पाणी नाही. हे धरण बांधलं ते चिखल अडवायला. उन्हाळ्यात हिमनद्यांजवळची तळी फुटली की दगडगोटे आणि चिखलाचा लोंढा दरीतून थेट शहरावर येतो. 1921 च्या जुलैत असाच लोंढा आला आणि शेकडो माणसं गेली. म्हणून 1966 साली डोंगराच्या कड्यात मोठे सुरुंग लावून दरीत दगडांची भिंत उभी केली. 1973 च्या जुलैत प्रचंड लोंढा आला, तो या भिंतीने थोपवला आणि खालचं शहर वाचलं.

हे कळल्यावर बँकेतली मैत्रीण बराच वेळ गप्प उभी होती. 2019 च्या महापुरात तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. नंतर 2021 ला पंचगंगा पुन्हा आली. ती म्हणाली, "ह्यांनी डोंगरच आडवा पाडला बघ." त्या पायऱ्या कुणीही पर्यटनस्थळांच्या यादीत फार वर घालत नाही. मला मात्र सगळ्या सहलीतली ती एक जागा डोळ्यांसमोरून हलत नाही. चढताना पायऱ्यांच्या कडेने चाला, मधल्या भागात बर्फ तुडवून काचेसारखा झालेला असतो. उतरताना कठडा सोडू नका.

शिंबुलाक, म्हणजे मेदेऊच्या वरचं स्कीइंगचं ठिकाण, थोडक्यात सांगते, कारण त्याचे फोटो तुम्ही सगळीकडे बघितलेले असतील. मेदेऊपासून साडेचार किलोमीटरची केबलकार वर नेते, पुढे आणखी दोन टप्पे करत सुमारे 3200 मीटरपर्यंत जाता येतं. शनिवार-रविवार टाळा. एक गोष्ट मात्र आधी माहीत असलेली बरी. थंडीत शहरावर कोळशाचा धूर साचून राहतो, खाली आभाळ राखाडी आणि घसा खवखवतो. केबलकार त्या थरातून वर निघते आणि एकदम निळं आभाळ, लख्ख ऊन. ज्या दिवशी शहरात धूर जास्त वाटेल, तो दिवस शिंबुलाकसाठी ठेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क जवळ ठेवावा.

आता अरासान. पानफिलोव्ह बागेला लागून असलेलं हे मोठं सोव्हिएतकालीन स्नानगृह. रशियन, फिनिश आणि तुर्की अशा तिन्ही पद्धतींची गरम दालनं आत आहेत. बायकांचा आणि पुरुषांचा भाग पूर्ण वेगळा. आधीच सांगते, सामायिक भागात कपडे घालत नाहीत. आम्ही चौघी दारातच घुटमळलो. वहिनी तर म्हणाल्या, "मी बाहेर थांबते, तुम्ही जावा." पण आत गेल्यावर दिसलं, की तिथे कुणाचं कुणाकडे लक्षच नाही. आजी, मुलगी, नात अशा तिघी एकत्र आलेल्या, डोक्याला लोकरीच्या नमद्याच्या टोप्या, हातात बादल्या, गप्पा चालू. दहा मिनिटांत आमचा संकोच गेला. तरीही जड जात असेल तर वेळेनुसार भाड्याने खासगी दालन मिळतं, चौघींत खर्च वाटला जातो.

रशियन दालनात लाकडी पायऱ्यांची बैठक असते. जितकं वर बसाल तितकं गरम. पहिल्या वेळी खालच्या फळीवर पाच मिनिटं, बस्स. टोपी घालाच, डोकं तापत नाही. वाळलेल्या बर्चच्या किंवा ओकच्या फांद्यांची जुडी मिळते, तिला 'वेनिक' म्हणतात. ती पाण्यात भिजवून अंगावर झोडपतात. शेजारच्या आजींनी मला खुणेने पालथं झोपायला सांगितलं आणि मानेपासून टाचेपर्यंत झोडपून काढलं. लागत नाही. गरम, ओल्या पानांचा एक सपका बसतो, मग वाफेचा झोत येतो आणि पावसानंतर रानात येतो तसा पाल्याचा वास. एक पान माझ्या खांद्याला चिकटून राहिलं होतं, ते त्यांनी बोटांनी अलगद काढलं आणि हसल्या. तिथून उठून थेट गार पाण्याच्या हौदात. श्वास अडकतो, कानात घंटा वाजल्यासारखं होतं, आणि बाहेर आल्यावर अंग इतकं हलकं, की बोलावंसंच वाटत नाही.

वहिनी चहा पिताना म्हणाल्या, "दिवाळीची पहिली अंघोळ आठवली बघा. बंबातलं पाणी, उटणं, बाहेर कडाक्याची थंडी." तंतोतंत तेच. निघताना त्या आजी "स ल्योखकिम पारम" असं म्हणाल्या. वाफ घेऊन आलेल्या माणसाला रशियनमध्ये असंच म्हणतात. अर्थ साधारण 'हलक्या वाफेच्या शुभेच्छा'. हे तीन शब्द पाठ करून जा, समोरचा चेहरा खुलतो.

ज्यांना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफेत आणि गार हौदात जाऊ नये. जेवून लगेच जाऊ नका. स्लिपर, टॉवेल आणि साबण घरूनच न्या. केस पूर्ण वाळल्याशिवाय बाहेर पडू नका, उण्या तापमानात ओले केस अक्षरशः कडक होतात.

कपड्यांचं म्हणाल तर आम्ही एक चूक केली, दोन जाडजूड स्वेटर एकावर एक घालून फिरलो. तिथे प्रत्येक इमारत आतून चांगली तापवलेली असते. बाहेर उणे दहा आणि आत घाम. अंगाला लागून थर्मल, त्यावर एक स्वेटर आणि वर वारा न शिरणारा मोठा कोट, एवढं पुरे. कोट दारात काढून टांगायची पद्धत आहे. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका, खोल खाचांचा तळ हवा. फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्याने बॅटरी बघता बघता उतरते. खोबरेल तेलाची छोटी बाटली माझ्या ओठांना आणि हातांना सगळ्या क्रीमपेक्षा जास्त उपयोगी पडली.

पैशांचं बघा. तिथले लोक कास्पी ॲपने क्यूआर स्कॅन करतात, ते आमच्याकडे नव्हतं. दुकानांत कार्ड चालतं, बाजारासाठी रोख तेंगे हवेत. डॉलर नेऊन शहरातल्या विनिमय केंद्रावर बदला. इंग्रजी फार कमी जणांना येतं, फोनमध्ये रशियन भाषांतर ऑफलाइन उतरवून घ्या.

जेवणात शाकाहारी माणसाने तयारीनेच जावं. घोड्याचं मांस तिथे मानाचं. ग्रीन बाजारात त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी सुक्या मेव्याच्या बाजूने आत शिरावं. वहिनी शाकाहारी. त्यांचं पोट भरलं ते तंदूरमधून काढलेल्या गोल रोटीवर, कोल्हापूरहून नेलेल्या कांदा-लसूण चटणीवर आणि कोरियन गाजरावर. होय, कोरियन. 1937 मध्ये स्टालिनने सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकावरच्या कोरियन लोकांना गाड्यांत कोंबून मध्य आशियात हलवलं. मुळ्या-कोबीचे त्यांचे मूळचे पदार्थ इथे करणं अवघड, म्हणून जे मिळालं त्या गाजराचीच लांब कातळी करून लसूण, धने, तिखट आणि व्हिनेगर लावलं. आपल्या कोशिंबिरीची दूरची बहीण. बाजारात अशा सॅलडच्या रांगाच्या रांगा आहेत आणि विकणाऱ्या बायका काट्याने चव देतात.

त्यातल्या एका मावशींकडून आम्ही रोज घेत होतो. 14 तारखेला आम्ही तिळगुळाची पुडी घेऊनच गेलो. पेठेतलीने वडी त्यांच्या हातावर ठेवली आणि फोनवर रशियनमध्ये उमटवून दाखवलं, 'हे घ्या आणि गोड बोला'. त्यांनी वडी हुंगली, तीळ ओळखले, कारण त्यांच्या सॅलडवरही तेच तीळ. अर्धी तोंडात टाकली, अर्धी शेजारच्या गाळ्यावरच्या बाईला दिली. मग गल्ल्यामागून थर्मास काढला आणि आम्हा चौघींना दुधाचा चहा वाट्यांतून दिला, वाटी अर्धीच भरून. इथे चहा काठोकाठ भरून दिला तर 'आता निघा' असा अर्थ होतो, हे आम्ही तोवर शिकलो होतो. वहिनींनी बँडेजच्या हाताने वाटी पुढे केली. मावशींनी पुन्हा अर्धीच भरली.