साडेचार तासांच्या आत

आज सकाळी आप्पा चहा घेऊन ओट्यावर बसले आणि कप उजव्या हातातून सुटला. तोंड वाकडं, जीभ जड. शेजारचे म्हणाले, पित्त असेल, लिंबूपाणी द्या. मी ऐकलं नाही. पारोळ्याहून थेट धुळ्याला निघालो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "नेमकं किती वाजता झालं?" आणि लगेच सीटी स्कॅन. पक्षाघातात मेंदूत रक्ताची गुठळी अडकली की रक्तस्राव झाला, हे बाहेरून ओळखता येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेततं. त्याला मुदतही साडेचार तासांचीच. पूर्वी तीनच होती, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या संशोधनानंतर ती वाढली. तो दीड तास आज आमच्या घराला पुरला.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. इंजेक्शन दिलं.

बाकावर बसल्या बसल्या आजोबा आठवत राहिले. १९६८ साली त्यांच्या अंगावरून वारं गेलं, आजी सांगायची. सात वर्षं खाटेवर. तेव्हा सीटी स्कॅन जगात कुठेच नव्हता! गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला तो १९७१ साली, लंडनला.

संध्याकाळी आप्पांनी उजव्या हाताने माझं बोट धरलं. म्हणाले, "आते बरं वाटस रे भाऊ." शब्द अजून अडखळतात. उद्या पुन्हा स्कॅन आहे, मी इथेच थांबतोय.