डोब्युटामिन चालू आहे, पण वीज कुठून येते?

सांगली-मिरजेत आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "हृदयाला ताकदीचं इंजेक्शन चालू केलंय." हे 'ताकदीचं' आम्हाला खटकतं. डोब्युटामिन, मिलरिनोन, ॲड्रेनॅलिन ही औषधं ताकद देत नाहीत. आहे ती खर्च करायला लावतात.

हृदय दिवसाला साधारण ६ किलो एटीपी, म्हणजे पेशीचं तयार इंधन, बनवतं आणि वापरतं. शिल्लक मात्र काही सेकंदांपुरतीच. पंपिंग खूप घसरलेल्या हृदयात हे एटीपी २५-३० टक्क्यांनी कमी झालेलं असतं, आणि अडीअडचणीला धावून येणारं क्रिएटीन फॉस्फेट त्याहूनही जास्त घटलेलं असतं. म्हणजे मोटार आधीच लो व्होल्टेजवर.

डोब्युटामिन पेशीवरच्या बीटा रिसेप्टर नावाच्या कुलपावर बसतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रत्येक ठोक्याला जास्त कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जोरात आवळतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण सुटलेलं कॅल्शियम पुढच्या ठोक्याआधी उपसून परत पेशीतल्या कोठीत भरावं लागतं, आणि त्या उपशाला एटीपी लागतं. निरोगी हृदयातही ३० ते ४० टक्के एटीपी अशा पंपांवरच जातं. थकलेल्या हृदयात ती कोठीच गळकी. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको: फूटव्हॉल्व्ह गळत असला की मोटार फिरते, बिल चढतं आणि पाणी परत नदीत जातं.

शिवाय इंधनाचा प्रश्न आहे. याच औषधांनी अंगातली चरबी विरघळून रक्तात फॅटी ॲसिड वाढतात आणि हृदयात ग्लुकोज जाळणं मागे पडतं. तेवढंच एटीपी चरबीतून काढायला ऑक्सिजन दहाएक टक्के जास्त लागतो. हृदय तर विश्रांतीतही मिळालेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतं. आणखी हवा असेल तर रक्तच जास्त यायला हवं. डाव्या कप्प्याच्या स्नायूला ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. नाडी १२० झाली की तो विसावाच आखडतो, आणि ब्लॉकेज असेल तर छातीत दुखतं किंवा ठोके बिघडतात.

म्हणून औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाचा आकडा डोळ्यात तेल घालून बघावा. वजन ६० किलो, डोस किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तासाला १८ मिलिग्रॅम. २५० मिलिग्रॅम डोब्युटामिन एकूण ५० मिलीत केलं असेल तर पंप तासाला ३.६ मिलीवर. सुरुवात २ ते २.५ मायक्रोग्रॅमने करावी. औषधाचं अर्धायुष्य २ मिनिटांचं, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत परिणाम कळतो. बीपी दहाने वाढलं म्हणून समाधान मानू नये. हातपाय गरम झाले का, लघवी सुटली का, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात चढतं ते) उतरलं का, ते पाहा. नाडी चढली आणि लघवी तेवढीच, तर वाढला तो फक्त खर्च. ॲड्रेनॅलिनवर मात्र रक्तप्रवाह सुधारूनही लॅक्टेट चढू शकतं. तिथे एकट्या आकड्यावरून डोस वाढवू नका. पोटॅशियम घसरतं, ते ४ च्या वर ठेवा.

दोन-तीन दिवसांनी डोब्युटामिनचा गुण कमी होतो. थकलेल्या हृदयात बीटा रिसेप्टर मुळातच घटलेले असतात. पेशंट आधीपासून कार्व्हेडिलॉलवर, म्हणजे हेच रिसेप्टर अडवणाऱ्या गोळीवर असेल तर गुण आणखी कमी. मिलरिनोन रिसेप्टरला वळसा घालतं म्हणून तिथे चालतं, पण ते किडनीतून बाहेर पडतं. क्रिएटिनीन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा आकडा) चढलेलं असेल तर डोस कमीच हवा. खर्चाची वाट त्याचीही तीच, सायक्लिक एएमपीची. १९९१ च्या प्रॉमिस चाचणीत मिलरिनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त झाले. तेव्हापासून आम्ही या औषधांकडे पूल म्हणून बघतो. अँजिओप्लास्टी होईपर्यंत, साचलेलं पाणी उतरेपर्यंत, इतकंच.

लेव्होसिमेंडान हे वेगळ्या वाटेचं औषध कॅल्शियम फारसं न वाढवता स्नायूची त्याला दाद देण्याची क्षमता वाढवतं, म्हणून खर्च त्यामानाने कमी. पण बीपी पाडतं. त्यामुळे सुरुवातीला एकदम द्यायचा मोठा डोस बरेच जण टाळतात.

बंद करताना डोब्युटामिन एकदम काढू नये. १ ते २ मायक्रोग्रॅमने खाली आणावं, काही तास थांबावं आणि पुन्हा हातपाय, लघवी, लॅक्टेट पाहावं. सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवा. २ मिनिटांच्या औषधाला परिणाम उतरायला सिरिंज बदलतानाचा उशीरही पुरतो.