फोटो का काढलात?

स्टुडिओत येणारं प्रत्येक जुनं गिऱ्हाईक काउंटरमागच्या खिळ्याकडे बघतं आणि विचारतं, "तो तिबोटी खंड्याचा फोटो का काढलात हो?" भिंतीवरून का उतरवलात, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. मराठीत दोन्ही प्रश्न एकाच वाक्यात बसतात, ही माझी अडचण.

आजवर मी काहीबाही सांगत आलो. उन्हानं रंग उडाला, काच फुटली, भिंतीला ओल आली. (सोलापुरात आणि ओल! तरी लोकांनी मान्य केलं.) आता थापा संपल्या. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकतो.

तिबोटी खंड्या हा कोकणातला चिमुकला पक्षी. "नान्नज सोडून कोकणात कशाला तडफडायला जायचं?" हा वेगळा वाद, त्यात आत्ता पडत नाही. पण कॅमेरा घेऊन पक्ष्यामागे जायचं कसं, हे मी सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावरच शिकलो. तिथं अंतर डोळ्यांना दिसतं. गाडीतून उतरायचं नाही, पक्ष्यानं मान वर केली की थांबायचं, पुन्हा केली की मागं यायचं. माळावर तुम्ही त्याला दिसता आणि तो तुम्हाला. जंगलात तसं नसतं. तिथं पानांच्या गर्दीत पंधरा फुटांवरही पक्षी दिसत नाही, म्हणून आणखी जवळ जावंसं वाटतं, आणि जवळ गेल्याचं कळतही नाही.

2014 चा जुलै. आम्ही तिघं रात्री नऊला सोलापुरातून निघालो, पहाटे ताम्हिणी घाट उतरलो. गावाचं नाव सांगणार नाही. एका घरामागच्या ओढ्याकाठी लाल मातीची दरड होती आणि तिच्यात लिंबाएवढं भोक. आत पिल्लं आहेत, असं घरमालकानं आधीच फोनवर सांगितलं होतं. आम्ही हिरवं कापड ताणलं आणि चौदा फुटांवर बसलो. मी पावलं मोजली होती, म्हणजे मला अंतर माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. पायाला जळवा, वरून पावसाची झड, सकाळचे दहा वाजले तरी संध्याकाळसारखा अंधार. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, 3200 वर नेला तेव्हा कुठे साठचा शटर, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, मिळाला. फ्लॅश मारला नाही. हे मी आजही माझ्या बचावात सांगतो.

मग बारीक शिट्टी ऐकू आली आणि तो समोरच्या मुळावर येऊन बसला. अर्ध्या वितीहून जरासाच मोठा पक्षी. चोच नारिंगी, पोट पिवळं, डोक्यावर जांभळी झाक. चोचीत सापसुरळी. मी पहिला फोटो घेतला तेव्हा 10:12 झाले होते. तो उडाला नाही. दुसरा घेतला, दहावा घेतला, तरी तिथंच. कधी समोर बघायचा, कधी बाजूला, मध्येच डोकं खालीवर करायचा. शेजारून मित्र पुटपुटला, "हलू नको बे, पोझ देतोय."

मलाही तेच वाटलं. इतका आनंद मला क्वचित झालाय, हेही सांगून टाकतो. पावणेदोन दिवसांच्या सुट्टीत असा पक्षी, असा बसलेला, दुसऱ्या कुणाला मिळाला असता? शेवटचा फोटो 10:58 चा. मग तो ओढ्याच्या अंगानं निघून गेला, सापसुरळी चोचीत तशीच. आम्ही तासभर वाट पाहिली आणि उठलो, कारण भूक लागली होती आणि घरमालकाकडे जेवण तयार होतं.

फोटो तीन वर्षं भिंतीवर होता. मग एकदा एक निवृत्त शिक्षक पासपोर्ट फोटो काढायला आले. चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "पिल्लांसाठी आणलेली दिसतेय. सापसुरळीचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे बघा. स्वतः खायची असती तर तोंड आपल्या घशाकडे धरलं असतं." मी म्हटलं, "वा, हे ठाऊक नव्हतं." ते म्हणाले, "मग आत नेली ना?"

त्यांनी सहज विचारलं होतं. मी "हो" म्हणालो.

रात्री सगळे फोटो उघडून बसलो. 212 फ्रेम. सगळ्या त्याच मुळावरच्या. भोकाशी तो एकदाही नाही. शेहेचाळीस मिनिटं तो घास घेऊन आमच्या उठण्याची वाट बघत होता आणि आम्ही त्याला पोझ म्हणत होतो. लग्नात पंगत खोळंबलेली असते, म्हातारी माणसं ताटकळलेली असतात, आणि मी नवरीला म्हणत असतो, "अजून एकच, इकडे बघा." ती हसते. त्या हसण्याचा अर्थ मला सव्वीस वर्षं कळतो. मग त्या दिवशी का कळला नाही?

आता माझं माझ्याशीच भांडण. तेव्हाचा मी म्हणतो, बाबा रे, खंड्या एरवीही डोकं खालीवर करतोच, त्याला लगेच घाबरला कशाला म्हणतोस? नर-मादी दोघंही भरवतात, मग एकाची खेप चुकली तर काय बिघडलं? यावर मी गप्प बसतो, कारण आम्ही तिथं होतो तोवर दुसराही आला नव्हता. पुढच्या वर्षी घरमालकाला फोन केला, तर म्हणाला, दरड पावसात ढासळली. म्हणजे काहीच कळलं नाही.

तेव्हाच्या माझा एक मुद्दा मात्र अजून खोडता येत नाही. सोलापूरच्या पोरांनी हा पक्षी बघायचा कुठे? त्या फोटोखाली तासन्‌तास उभा राहणारा एक मुलगा आज माझ्याहून चांगलं पक्षीनिरीक्षण करतो. फोटो उतरवला म्हणून तो माझ्यावर चिडलाय. म्हणतो, "काका, तुमच्या मनाच्या समाधानासाठी आमचा खंड्या नेलात." त्याचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. घरट्यावरचे फोटो बऱ्याच स्पर्धा आता घेत नाहीत, असं मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मी स्पर्धेचं कुठं बोललो?"

फाईल अजून हार्ड डिस्कवर आहे. डिलीट केलेली नाही. दर जूनला पावसाची बातमी आली की बॅग भरतो. घरट्यापाशी बसत नाही, पण जातो.

खिळ्यावर सध्या कालनिर्णय आहे. गेल्या नोव्हेंबरात पक्षी सप्ताहाच्या प्रदर्शनासाठी शाळेतली दोन पोरं फोटो मागायला आली. त्यांना नान्नजच्या माळावरच्या धाविक पक्ष्याचा फोटो दिला. गाडीतूनच काढलेला, लांबून. पिवळं गवत, ऊन, आणि कुठंतरी मध्ये पक्षी. एकानं फ्रेम उजेडाकडे धरून उलटसुलट बघितली आणि विचारलं, "काका, यात पक्षी कुठंय?"

मी बोट ठेवून दाखवला.