लिटरला शंभर मिलिलीटर

माझे जुने आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन, ब्रिटिश सीगलचे, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल गावचे आहे. ते घेतले तेव्हा ऑइलच्या बाटलीवर 50:1 (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) असे वाचून मी निर्धास्तपणे लिटरमागे 20 मिलिलीटर मिसळले. पुण्यात दोन दशके स्कूटर चालवलेली; पंपावरच्या माणसाने छोट्या मापाने टू-टी ऑइल टाकीत ओतले की गाडी डावी-उजवीकडे हलवून ते मिसळायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे शंका आलीच नाही. दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज कोरडा पडला, वेग मंदावला, आणि बंद केल्यावर सुरू करायची दोरी हलेना. थंड झाल्यावर फ्लायव्हील फिरले, हे नशीबच.

या इंजिनाच्या जुन्या नमुन्यांना 10:1, म्हणजे लिटरमागे 100 मिलिलीटर ऑइल लागते. अशा साध्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर जे आत येते त्यावरच क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन यांचे भागते. रोलर किंवा नीडल बेअरिंगला ऑइलचा अंशही पुरतो, परंतु सीगलचा क्रँकशाफ्ट साध्या बुशमध्ये (धातूच्या गुळगुळीत नळीत) फिरत असल्याने तिथे ऑइलचा थर अखंड असावा लागतो. प्रमाण बाटली ठरवत नाही, बेअरिंग ठरवते. अमेरिकेतील जॉन्सन आणि एव्हिनरूड या इंजिनांचेही तसेच: 1950च्या दशकातील नमुन्यांना साधारणतः 24:1, आणि 1964पासून बहुतेकांना 50:1.

सीगलच्या नंतरच्या नमुन्यांना 25:1 चालते, मात्र त्यांच्या कार्ब्युरेटरची, म्हणजे इंधन किती जावे हे ठरवणारी, सुई वेगळी असते. जेटमधून (कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मिश्रणात ऑइल घटले की पेट्रोलचा वाटा वाढतो, म्हणून जुन्या सुईवर नुसते प्रमाण बदलल्यास इंजिन जास्त पेट्रोल पिऊ लागते. याउलट ऑइल फाजील झाले तर धूर आणि काळा, ओला प्लग. तो पुसता येतो, अडकलेला पिस्टन नाही, म्हणून चूक करायचीच तर मी या बाजूची करतो.

ऑइलच्या जाडीबाबत, त्या काळी एसएई 30 वापरत (एसएईपुढचा आकडा जितका मोठा, तितके ऑइल दाट); आज पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू3 प्रतीचे ऑइल मी वापरतो. स्कूटरचे ऑइल हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनासाठी असते, ते इथे नको. ऑइल पेट्रोलपेक्षा जड असल्याने डब्यात आधी थोडे पेट्रोल, मग सगळे ऑइल, मग जोरात हलवून उरलेले पेट्रोल, असा क्रम ठेवतो.

गिअरबॉक्सचे ऑइल निराळे, एसएई 140, मधासारखे दाट. तिथले जुने सील पाणी पूर्ण अडवत नाहीत, त्यामुळे दर काही फेऱ्यांनी बूच काढले की दुधाळ पांढरे ऑइल बाहेर येते. ते काढून नवे भरायचे. खाली जुने वर्तमानपत्र अंथरायला मी अजूनही विसरतो.