चष्मा नसला की ऐकू येत नाही

घरी जाऊन वयस्कर माणसांचे डोळे आणि कान तपासणं हे माझं काम. त्या दिवशीच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं, ‘विसरभोळेपणा, असंबद्ध बोलणं’. दारातच मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "आईला विचारावं एक, उत्तर येतं भलतंच. परवा तर म्हणाली, चष्मा नसला की मला ऐकू येत नाही."

मीही ते वाक्य असंबद्ध बोलण्याचा नमुना म्हणून टिपून घेतलं. ती माझी चूक होती आणि तिचं मला अजून वाईट वाटतं.

आजी ८१ वर्षांच्या. खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसलेल्या. मी त्यांच्यासमोर, खिडकीला पाठ करून बसले. तोंडावर मास्क होता. तीन शब्द सांगितले, पाच मिनिटांनी विचारले. एकही आला नाही.

मग डोळे. माझ्या पिशवीत बरोबर ३ मीटरची दोरी असते, कारण कुणाच्याही घरात अंतर अंदाजानं धरलं की आकडा खोटा येतो. एका टोकाला आजींची खुर्ची, दुसऱ्या टोकाला ३ मीटरसाठी बेतलेला अक्षरांचा तक्ता; आकडे मात्र ६ मीटरच्या हिशेबात लिहायचे. उजवा डोळा ६/३६, डावा ६/६०. म्हणजे चांगल्या नजरेला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं, ते डाव्या डोळ्याला ६ मीटरवरून. डोळ्यापुढे पिनहोल धरला. नुसता नंबर बदललेला असेल, तर त्या बारीक छिद्रातून अक्षरं बऱ्यापैकी उघडतात. इथे काही फरक पडला नाही. टॉर्च मारला, तर दोन्ही बाहुल्यांमध्ये दुधाळ करडी झाक. मोतीबिंदूच असावा. खात्री अर्थात नेत्रतज्ज्ञांनी करायची.

कानांसाठी टीव्ही आणि पंखा बंद करायला लावला. हाताच्या अंतरावर आजींच्या पाठीमागे उभी राहिले, म्हणजे माझे ओठ दिसायला नकोत. जो कान तपासायचा नाही, त्याच्या नळीच्या तोंडापुढचा उंचवटा बोटानं दाबून चोळत राहायचं, श्वास पूर्ण सोडायचा आणि उरलेल्या हवेवर कुजबुजायचं. दोन अंक आणि मध्ये एक अक्षर. उजव्या कानाला मी ‘सात’ म्हटलं की आजी ‘आठ’ म्हणायच्या. वयामुळे आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा जीव त्याच पट्टीत. स्वर पोचतो, व्यंजन वाटेतच गळतं. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. विचारावं एक आणि उत्तर भलतंच, ते यामुळे. डाव्या कानाला काहीच पोचलं नाही. कानात बघायच्या ऑटोस्कोपमधून पाहिलं तर कानाचा पडदा दिसेचना, गर्द तपकिरी मळानं नळी भरलेली. ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मधोमध टेकवला. "डावीकडे वाजतंय," आजी चटकन म्हणाल्या. वाट अडलेल्या कानात हाडातून आलेला आवाज मोठा वाटतो, तेव्हा हेही जुळलं. मळ मी काढला नाही. पडदा दिसत नसताना घरी काहीही कोरायचं नाही, थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचे नाहीत.

सामान आवरताना मास्क हनुवटीखाली ओढला आणि सहज विचारलं, "आजी, दमलात का?" आता मी खोलीच्या दुसऱ्या बाजूला होते, खिडकीचा उजेड थेट माझ्या तोंडावर.

"नाही गं, दमायला काय झालं?"

मी मुद्दाम बेताच्याच आवाजात पुढचे तीन प्रश्न विचारले. तिन्ही उत्तरं नेमकी आली. मग माझ्या वहीतलं ते वाक्य आठवलं आणि पोटात कालवलं. आजी कित्येक वर्षं ओठ वाचून ऐकत होत्या. मोतीबिंदू वाढत गेला तसे ओठ पुसट झाले आणि त्यांच्या लेखी ऐकूच येईनासं झालं. त्यात घरातलं जो तो खिडकीला पाठ करून त्यांच्यासमोर बसायचा. उजेड मागून आला की मोतीबिंदूच्या डोळ्यांपुढे चकाकी पसरते आणि समोरच्याचा चेहरा काळाच दिसतो. दवाखान्यातल्या खोलीत मला ही खुर्ची दिसलीच नसती.

मी उजेडात बसून वेगळे तीन शब्द सांगितले. पाच मिनिटांनी आजींनी तिन्ही सांगितले. स्मरणशक्ती ठणठणीत आहे असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. ती तपासणी व्हायलाच हवी, पण कान मोकळे झाल्यावर आणि डोळ्यांचं पाहून झाल्यावर. कागदावरचं ‘असंबद्ध बोलणं’ मात्र मी खोडलं. तिथे लिहिलं : नेत्रतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी.

निघण्याआधी मुलानं आणि मी मिळून खुर्ची फिरवली, खिडकी आजींच्या पाठीशी आली. तो समोर बसला. काही बोलण्याआधीच आजी त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "मिशा जरा कापत जा रे. ओठ झाकतात."