विधेयकाच्या पहिल्या पानावरचं एक वाक्य

ब्रिटिश संसदेतलं कुठलंही सरकारी विधेयक वाचायला घेतलं की मी आधी त्याचं पहिलं पान बघते. तिथे मंत्र्याच्या नावानिशी एक वाक्य छापलेलं असतं: माझ्या मते या विधेयकातल्या तरतुदी युरोपीय मानवी हक्क करारातल्या हक्कांशी सुसंगत आहेत. १९९८च्या मानवी हक्क कायद्यातल्या कलम १९प्रमाणे दुसऱ्या वाचनाआधी, म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावर सभागृहात चर्चा होण्याआधी, हे लेखी द्यावंच लागतं. तशी ग्वाही देता येत नसेल, तर तेही लिहून द्यायचं. 'अशी खात्री मी देऊ शकत नाही, तरीही सभागृहाने विधेयक पुढे न्यावं अशी सरकारची इच्छा आहे', अशा आशयाचं.

वर्गात हे कलम शिकवलं की कुणीतरी विचारतंच, मंत्रीच स्वतःच्या विधेयकाला प्रमाणपत्र देणार असेल तर त्याला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे. नुसतं ते वाक्य असतं तर मीही त्यावर वेळ घालवला नसता. पण त्या वाक्याच्या मागे लागणारी एक समिती आहे. संयुक्त मानवी हक्क समिती, कॉमन्स (निवडून आलेलं सभागृह) आणि लॉर्ड्स (वरिष्ठ सभागृह) या दोन्ही सभागृहांतले सहा-सहा सदस्य, २००१पासून कार्यरत. समिती मंत्र्याला पत्र लिहून विचारते की या तरतुदीमुळे कुणाच्या कोणत्या हक्कावर गदा येते, ती कशासाठी, याहून कमी जाचक मार्ग होता का, आणि असेल तर तो का सोडला. मंत्र्याचं उत्तर प्रसिद्ध होतं. विधेयक अडवायचा अधिकार समितीला नाही. आपल्याकडे मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा अनुच्छेद १३च्या आधारे न्यायालय रद्दबातल ठरवतं. ब्रिटनमधल्या न्यायालयांना संसदेचा कायदा रद्द करता येत नाही, ती फार तर विसंगतीची घोषणा करतात. म्हणूनच मतदानाआधीच्या या पत्रव्यवहाराला तिथे एवढं मोल आहे.

ते मोल किती, हे स्ट्रासबर्गच्या न्यायालयातले, म्हणजे हा करार राबवणाऱ्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातले, दोन खटले शेजारी ठेवले की कळतं.

पहिला जॉन हर्स्ट या कैद्याचा. शिक्षा भोगणाऱ्या जवळजवळ सगळ्या कैद्यांचा मताधिकार ब्रिटिश कायद्याने सरसकट काढून घेतला होता. गुन्हा किरकोळ असो वा गंभीर, शिक्षा थोड्या महिन्यांची असो वा जन्मठेपेची. २००५मध्ये मोठ्या पीठाने १२ विरुद्ध ५ मतांनी ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला. त्या निकालपत्रातला एक मुद्दा मी विद्यार्थ्यांना नेहमी मोठ्याने वाचायला लावते: या सरसकट बंदीचं प्रमाण योग्य आहे का, हे संसदेने कधी तोलून पाहिल्याचा पुरावाच नाही. बंदी वर्षानुवर्षं चालत आली होती आणि ती तशीच पुढे नेली गेली.

दुसरा खटला प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेचा. २००५मध्ये तिने दूरचित्रवाणीसाठी जाहिरात केली. पिंजरा, त्याच्या अंधारातून पुढे येणारी साखळदंडातली मुलगी, आणि मग तिच्याच जागी, तशाच अवस्थेत चिंपांझी. जाहिरात प्रसारित होऊ शकली नाही, कारण २००३च्या दळणवळण कायद्याने दूरचित्रवाणी व रेडिओवरच्या राजकीय जाहिरातींना बंदी आहे आणि 'राजकीय'च्या व्याख्येत अशा संस्थाही येतात. माझी सहानुभूती त्या संस्थेकडे आहे. राजकारणातल्या पैशाला आवर घालण्यासाठी उभारलेल्या भिंतीवर एक छोटी चळवळ आपटली.

पण या दळणवळण कायद्याचं विधेयक संसदेत कसं आलं ते बघा. २००१मध्येच स्वित्झर्लंडच्या अशाच एका प्रकरणात त्याच न्यायालयाने बंदीच्या विरोधात निकाल दिला होता. तेव्हा मंत्री टेसा जोवेल यांनी सुसंगतीची ग्वाही दिलीच नाही. कलम १९मधला तो दुसरा पर्याय वापरला आणि आपण बंदी का ठेवू पाहतोय, हे सांगितलं. समितीने खोदून विचारलं, सौम्य पर्यायांची चर्चा झाली, ते का चालणार नाहीत याची कारणं नोंदली गेली. २०१३मध्ये मोठ्या पीठाने बंदी वैध ठरवली, ९ विरुद्ध ८. आणि ती ठरवताना संसदेने केलेल्या छाननीला मोठं वजन दिलं.

निकाल मला पटला नाही, पण त्यामागचं तत्त्व पटतं. एखाद्याचा हक्क कमी करायचा, तर त्याला निदान कारण ऐकायचा अधिकार आहे. हर्स्टला कुणी ते सांगितलंच नव्हतं.

म्हणूनच गेल्या काही वर्षांतल्या तारखा वाचून मला राग येतो. रवांडाबाबतचं विधेयक ७ डिसेंबर २०२३ला मांडलं गेलं. त्यावरही मंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी सुसंगतीची ग्वाही दिली नव्हती. आश्रय मागायला आलेल्या माणसांना रवांडाला पाठवून देण्याचा प्रश्न होता आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन आठवड्यांपूर्वीच ती योजना एकमताने बेकायदा ठरवली होती. छाननीची खरी गरज असते ती अशाच वेळी. कॉमन्सने १७ जानेवारी २०२४ला तिसरं वाचन, म्हणजे विधेयकावरची शेवटची चर्चा आणि मतदान, उरकलं. समितीचा अहवाल आला १२ फेब्रुवारीला. विधेयक करारातल्या हक्कांशी विसंगत आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, पण निवडून आलेल्या सभागृहाचं मतदान तोवर होऊन गेलेलं. त्याआधी २०२३च्या बेकायदा स्थलांतर विधेयकाचंही असंच झालं. कॉमन्समधलं तिसरं वाचन एप्रिलमध्ये, समितीचा अहवाल जूनमध्ये.

लॉर्ड्सना अहवाल वेळेत मिळतो, हे खरं. पण शेवटचा शब्द कॉमन्सचा असतो आणि तिथले सदस्य मत देताना हा अहवाल त्यांच्यासमोर असायला हवा. मंत्र्याने ग्वाही दिली नसेल, तर समितीचा अहवाल येईपर्यंत कॉमन्समध्ये तिसरं वाचन घेऊ नये, एवढा एक नियम सभागृहाच्या स्थायी आदेशांत घालावा, असं मला ठामपणे वाटतं. समितीला मुदत घाला, पण तिला वगळून पुढे जाऊ नका.

आणि त्याच्या जोडीला आणखी एक. कलम १९चं निवेदन दुसऱ्या वाचनाआधीचं असतं. त्यानंतर सरकार दुरुस्त्यांमधून नवीन, कधीकधी अगदी कठोर तरतुदी आत आणतं, आणि त्याच सभागृहात या दुरुस्त्यांसाठी नवं निवेदन द्यावं लागत नाही. पहिल्या पानावरचं वाक्य तेच राहतं, आतली पानं बदलत जातात. अशा प्रत्येक मोठ्या सरकारी दुरुस्तीबरोबर मंत्र्याने पुन्हा सही करावी, आणि यावेळी खाली कारणंही लिहावीत.